बायडीच्या विहिरीवरचं रडणं

कळंबच्या पलीकडं घोड नदी जिथं वळण घेते, तिथल्या वाडीत दसरा सरला की लोकांना भुतं आठवायला लागत. पाऊस उघडलेला असायचा, बाजरी दाण्यानं भरून वाकलेली असायची, सांजच्या पारी अंगाला गार झुळूक लागायची आणि वीज तर दिवेलागणीलाच गुल व्हायची. मग माणसं जेवणाआधी मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर जमत आणि जानकू कंडक्टर सांगायला बसे.

जानकूनं उभी हयात एसटीत तिकिटं फाडली होती. रिटायर झाल्यावर घंटीची दोरी सुटली, पण माणसांना एका जागी दाबून बसवायची खोड काही सुटली नाही. त्याची भुतंही सगळी एसटीनंच हिंडणारी. आळेफाट्याला हिरव्या लुगड्यातली बाई चढायची, मागच्या सीटवर बसायची आणि नदीचा पूल ओलांडला की सीट रिकामी. पुढच्या आठवड्यात तीच बाई पांढरं पातळ नेसून यायची. कधी तिच्या कडेवर लेकरू असायचं आणि लेकराची पावलं उलटी असायची. जानकू आवाज खाली आणून म्हणायचा, "मी तिचा हात धरला व्हता, राव. बर्फ. नुसता बर्फ." वाडीतल्या निम्म्या माणसांनी बर्फ फक्त उसाच्या गुऱ्हाळात रसाच्या पेल्यात पाहिलेला, तरी सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा.

ठमाबाई हे ऐकायला मुद्दाम यायची. बायका ओट्यावर चढत नसत. ती खाली पायरीशी शेळीच्या पाल्याचा भारा टेकवून उभी राहायची आणि गोष्ट ऐन रंगात आली की बोलायची.

"कंडक्टर, एक इचारू का?"

"इचार की."

"तुमच्या भुतात एक बी बाप्या कसा न्हाई? बाप्ये मेल्यावर कुटं जात्यात?"

लोक हसायचे. जानकूचं तोंड कडू व्हायचं.

"बाप्यांच्या इच्छा ऱ्हात न्हाईत मागं," तो म्हणायचा.

"कशा ऱ्हातील? जित्तेपणीच समद्या पुऱ्या करून घेत्यात," असं म्हणून ती भारा डोक्यावर घेऊन चालू लागायची. नदीकडं, एकटी, अंधारातून. ती दिसेनाशी होईपर्यंत ओट्यावरच्या मर्दांतला एकही जण लघवीलासुद्धा उठत नसे.

ठमाबाई वाडीतल्याच भिमाजीची धाकटी बहीण. चाळिशी उलटलेली, काटक, फाटक्या तोंडाची. तिला दिली होती आळ्याकडं. तिथं नवऱ्यानं दुसरी करून आणली, तेव्हा हिनं ना रडारड केली ना भांडण. सवतीला चूल दाखवली, मिठाचा डबा कुठं आहे ते सांगितलं आणि गाठोडं बांधून माहेरी आली. माहेरी आई नव्हती. भिमाजीनं चारचौघांत बहिणीला कवळलं, डोळे पुसले आणि राहायला नदीकडचा तुकडा दिला. त्या तुकड्यात बायडीची विहीर होती, आणि विहिरीत बायडाबाईचं भूत. म्हणून तिकडं कुणी फिरकत नव्हतं आणि तुकडा पडीक होता. भावाची माया अशी. स्वतः पाय ठेवत नव्हता ती जागा त्यानं बहिणीला ओवाळणीत घातली आणि गावभर दानशूर म्हणून मिरवला.

ठमाबाईनं तिथं छप्पर घातलं, दोन शेळ्या बांधल्या, वांगी-मिरच्या लावल्या. भुताची तिला भीती नव्हती, कारण बायडाबाई तिनं लहानपणी पाहिली होती. ती विहिरीत जीव देऊन मेली असं जानकू सांगायचा. प्रत्यक्षात ती म्हातारी होऊन मंचरच्या दवाखान्यात हिवतापानं मेली होती. विहिरीला तिचं नाव पडलं ते ती तिथं धुणं धुवायची म्हणून. पण हे सांगून उपयोग नव्हता. हिवतापानं मेलेल्या म्हातारीची गोष्ट ऐकायला ओट्यावर कोण बसणार?

अठ्ठ्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर मात्र विहिरीकडून खरंच रडणं ऐकू यायला लागलं.

पहिल्यांदा ते शेजारच्या रानातल्या मजुरांनी ऐकलं. सूर्य टेकडीआड गेला होता, उजेड अजून होता. बाजरीतून बारीक, दबलेला हुंदका यायचा. थांबायचा. पुन्हा यायचा. मजूर विळे टाकून पळाले. दुसऱ्या दिवशी जानकूच्या गोष्टीतल्या बायडीला हिरवं लुगडं, मोकळे केस आणि गळ्यात विहिरीचा दोर असं सगळं मिळालं होतं. तिसऱ्या दिवशी ती मजुरांना नावानं हाका मारायला लागली.

ठमाबाईनं तो आवाज ऐकला तेव्हा ती मिरच्या तोडत होती. तिला आधी वाटलं, कुणाचं वासरू अडकलंय. मग ध्यानात आलं, हे माणसाचं रडणं आहे, आणि तोंडात काहीतरी कोंबून रडलेलं. तसलं रडणं तिला चांगलं ठाऊक होतं. ती सरळ बाजरीत शिरली. कणसं तोंडावर आपटत होती. विहिरीच्या अलीकडं, भिमाजीच्या बांधाला लागून, एक पोर गुडघ्यात मान घालून बसली होती. पदराचा बोळा तोंडात होता. ती भिमाजीची सून निघाली, भरतची बायको, अक्षदा.

ठमाबाईला बघून ती उठून पळायला लागली. ठमाबाईनं तिचा दंड धरला, तशी ती कळवळली. दंडावर वळ होते.

"भरतनं?" ठमाबाईनं विचारलं.

पोरीनं पदर दंडावर ओढून घेतला.

"बस खाली. आता आलीच हायेस तर पुरतं रडून घे. हितं कोण येत न्हाई."

अक्षदा बेल्ह्याकडची. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पदरी मूल नव्हतं. सासू बयाबाई तिला पंक्तीला बसू देत नव्हती, नवरा हात उचलत होता आणि माहेरी तर कुणी धाडतच नव्हतं. श्रावणात तिचा बाप वारला. निरोप आला, पण बयाबाई म्हणाली, खुरपणी चालू आहे, दहाव्याला जाईल. दहाव्यालाही धाडलं नाही. घरात रडलं की सासू म्हणायची, तिन्हीसांजेला घरात रडून लक्ष्मी घालवतीस का. म्हणून ती गवत आणायच्या निमित्तानं इथं येऊन रडत होती.

"आत्याबाई, कुणाला सांगू नगा," ती म्हणाली.

"मी कुणाशी बोलती व्हय? आन् बोलले तरी ऐकतंय कोण?"

त्यानंतर पोर सांजेला येत राहिली. ठमाबाई जवळ जायची नाही, आपल्या कामात असायची. कधी पेलाभर शेळीच्या दुधाचा चहा बांधावर ठेवून द्यायची. वाडीतल्या लोकांना त्या रडण्याची दहशत बसली होती आणि ठमाबाईला ती दहशत फायद्याची वाटत होती. कुत्रं पाळण्यापेक्षा भूत पाळलेलं बरं, ते भाकरी मागत नाही, असं ती मनाशी म्हणायची. त्यात तिचं एक चुकलं. भित्रा माणूस एकटा असतो तोवर पळतो आणि दहा जमले की काठी शोधतो, हे तिनं ध्यानात घेतलं नाही.

भिमाजीची बाजरी काढणीला आली होती आणि मजूर रानात पाय ठेवायला तयार नव्हते. पाखरं दाणा खात होती. बयाबाईच्या डोक्यात निराळंच शिजत होतं. सून रोज कातरवेळी नदीकडं जाते, येते ती सुजलेल्या डोळ्यांनी, चार घास गिळत नाही. बयाबाईला यातून एकच गोष्ट दिसली: सुनेला बायडीनं धरलं आहे, आणि म्हणूनच कूस भरत नाही. पोरीच्या दंडावरचे वळ तिच्या डोळ्यांसमोर होते, पण ते तिला दिसत नव्हते. विहिरीतली बाई मात्र स्वच्छ दिसत होती.

हे ठमाबाईला कळलं ते ओट्यापाशीच. जानकू मोठ्या ऐटीत सांगत होता की बयाबाईनं बोलावलेला बहिरू भगत पश्चिमेकडच्या डोंगरातून येणार आहे, परवाच्या सांजेला, विहिरीवरच.

"भूत भिमाजीच्या सुनेच्या अंगात हाय," जानकू म्हणाला. "बहिरू मिरच्यांचा धूर देतो आन् फोकानं झोडतो. बाईला लागत न्हाई. लागतं ते भुताला."

"आन् बाई मेली तर?" ठमाबाईनं विचारलं.

"मंग भूत लई जुनं व्हतं असं समजायचं."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना हे पटलं होतं.

ठमाबाई तिथून तडक भावाच्या घरी गेली. भिमाजी अंगणात खाटेवर बसून तंबाखू मळत होता. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"दादा, विहिरीवर भूतबीत कायी न्हाई. तुजी सून रडती. बाप मेल्यापासून माहेर बघितलं न्हाई तिनं. भरत मारतो तिला. चार दिस माहेरी धाड, समदं थांबंल."

भिमाजीनं तंबाखू दाढेखाली सरकवली. आतून बयाबाई दारात येऊन उभी राहिली.

"ठमे," भिमाजी म्हणाला, "घरातलं घरात. तुज्या संसाराचं काय झालं त्ये बघ आधी."

"माज्या संसाराचं काय झालं त्येच सांगती."

"वन्सं, तुमाला पोटचं न्हाई, तुमाला काय कळायचं," बयाबाई म्हणाली. "आन् बाधा झालेलीची बाजू घेताय, तुमाला बी धरलं का काय तिनं?"

ठमाबाई पाठ फिरवून निघाली. घरी परत येताना मात्र वहिनीचं हे वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. बहीण म्हणून आपलं म्हणणं तंबाखूच्या चिमटीएवढंही वजनाचं नाही. पण जी म्हातारी हिवतापानं मेली, जिला जिवंतपणी या लोकांनी ताकसुद्धा फुकट दिलं नाही, तिच्या नावानं अख्खी वाडी लटपटते. तिला हसू आलं आणि लगेच शिसारीही आली. काय करायचं ते तिला कळून चुकलं होतं, आणि ते करावं लागणार याचा तिला मनस्वी संताप होता.

दुसऱ्या दिवशी अक्षदा बांधावर आली तेव्हा ठमाबाईनं तिला काही सांगितलं नाही. पोरीचं तोंड बघूनच कळत होतं, तिच्या पोटात गुपित टिकणार नाही.

ठरल्या सांजेला विहिरीवर वाडी लोटली. उन्हं अजून पुरती उतरली नव्हती. बहिरू भगतानं लिंबं मांडली, कुंकवाचं रिंगण काढलं, शेगडीत निखारे फुलवले आणि शेजारी लाल मिरच्यांची परडी ठेवली. निरगुडीच्या फोकांचा जुडगा त्यानं पाण्यात बुडवून ठेवला होता. अक्षदाला सासूनं हाताला धरून रिंगणात बसवलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. भरत मान खाली घालून उभा होता. त्यालाही लाज असावी, पण ती पायांपर्यंत पोचत नव्हती. जानकूला सगळ्यांत पुढची जागा होती.

बहिरूनं मिरच्यांची मूठ भरली, आणि मागून किंकाळी उठली.

ठमाबाई बाजरीतून आली. केस मोकळे, कपाळभर कुंकू. ती घुमत, हुंकार देत सरळ रिंगणात शिरली आणि तिनं लाथेनं शेगडी उडवली. निखारे मातीत विखुरले. लोक दोन पावलं मागं सरले.

"ए भिम्या," ती ओरडली.

भिमाजीला भिम्या म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्याच्या हातातली टोपी खाली पडली.

"मला हाकलायला आलास? माज्या विहिरीवरनं? लहानपणी या विहिरीत पडलास तवा पदर टाकून कुणी काढला तुला? रानातली काकडी चोरून धाकट्या बहिणीवर आळ घातलास. आईनं तिला डाग दिला, तू बघत उभा व्हतास. सांगू आजून? बोल, सांगू?"

"नगं, आये, नगं," भिमाजी हात जोडून म्हणाला.

गर्दीत कुजबुज झाली. हिला हे कसं ठाऊक? खरोखरच बायडी आली. समोर घुमत होती ती भिमाजीची सख्खी बहीण. काकडी चोरल्याचा डाग तिच्याच पोटरीवर होता, पदर टाकण्याची गोष्ट आईनं दोघांनाही सांगितली होती. वाडीतल्या शंभर डोक्यांपैकी एकालाही एवढं सुचलं नाही. बहिरू भगताला कदाचित सुचलं असावं. त्यानं ठमाबाईकडं जरा निरखून पाहिलं, मग उडालेल्या शेगडीकडं पाहिलं आणि धंद्याच्या दृष्टीनं शहाणपण करून तो तिच्या पायावर पडला.

"माय, काय पायजे तुला?" त्यानं विचारलं.

"ही पोर माजी हाय. हिला कुणी हात लावायचा न्हाई. उद्याच्याला माहेरी पोचवायची. तिच्या मनानं ती आली तर येईल. न्यायला कुणी गेलं तर घरात एक बी दिवा पेटू देणार न्हाई. भरत्या, इकडं ये."

भरत आला.

"कुठल्या हातानं मारतोस? दाव."

त्यानं उजवा हात पुढं केला. शंभर माणसांसमोर, आई-बापासमोर, ज्या गोष्टीचा घरात कुणी उच्चार करत नव्हतं ती त्यानं हात लांब करून दाखवली. ठमाबाई त्या हातावर थुंकली. तेवढं मात्र सोंग नव्हतं.

मग तिनं जानकूला शोधलं. एसटीतल्या भुताचा हात धरणारा तो मर्द गवताच्या गंजीआड बसला होता आणि मारुतीचं नाव घेत होता. तिनं त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी भिमाजीनं स्वतः जीप करून सुनेला बेल्ह्याला पोचवली. सोबत बयाबाईनं नवं लुगडं आणि नारळ दिला, सुनेसाठी नव्हे, तिच्या पाठीराख्या बायडीसाठी. आठवड्यात बाजरी निघाली. रडणं थांबलं ते थांबलंच.

सोंग घेतलं त्याच संध्याकाळी ठमाबाईनं कपाळ घासून धुतलं. कुंकवाचा रंग जाईपर्यंत, मग कातडी लाल होईपर्यंत. दोन दिवस तिनं चूल पेटवली नाही. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या तेच अंगावर घ्यावं लागलं होतं. बाईनं नीट शब्दांत सांगितलेलं कुणाच्या कानात शिरलं नाही आणि केस सोडून किंचाळल्यावर सगळे आडवे झाले, हे तिला पोर सुटल्याच्या आनंदातही सलत होतं.

आणि ते तिथंच संपलंही नाही. पुढच्या मंगळवारी एक बाई नारळ घेऊन छपरापुढं उभी राहिली. ठमाबाईनं तिला शेळीचा दोर दाखवून हाकललं. बाईनं गावात जाऊन सांगितलं, देवी फार कडक आहे. मग दोघी आल्या. अवसरीकडून आल्या, कळंबमधून आल्या. ठमाबाई शिव्या द्यायची, त्या शिव्या प्रसाद म्हणून पदरात घ्यायच्या. हळूहळू तिच्या लक्षात आलं की यांना भुताशी देणंघेणं फार थोडं आहे. नवरा दारू पितो, दीर अंगाशी येतो, सासरे जमिनीच्या कागदावर अंगठा मागतात. घरातून बाहेर पडायला दुसरं कुठलं निमित्त कुणी देत नाही, पण बायडीच्या विहिरीवर जाते म्हटलं की नवरे मुकाट्यानं एसटीत बसवून देतात. ठमाबाई ऐकायची, नाक मुरडायची. म्हणायची, "मेलेलीला सांगता, जितीला सांगायला काय झालं व्हतं?" आणि मग एखादीला मंचरच्या पोलीस ठाण्यात जायला सांगायची, एखादीला भावाकडं. कुणाला नुसता चहा द्यायची.

दोन हजार पाच किंवा सहाच्या सुमारास, दिवाळीच्या आधी, ती नारायणगावच्या बाजारात शेळी विकायला गेली होती. तिथं एका बाईनं गर्दीतून येऊन तिचे पाय धरले. अंग भरलं होतं, चार-पाच वर्षांची मुलगी हाताशी होती. अक्षदा. तिनं काडीमोड घेतला होता, शिवणकाम शिकली होती. एका विधुराशी लग्न झालं होतं, तो वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि हात उगारत नव्हता. तिनं ठमाबाईला हॉटेलात नेलं, मिसळ मागवली. ठमाबाईला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या संध्याकाळची तिला लाज वाटली नाही.

"आत्याबाई, तिचे उपकार कसे फेडू?" अक्षदा म्हणाली. "दर आवसेला मी विहिरीकडं तोंड करून तिच्या नावानं ओटी भरते."

"कुणाच्या नावानं?"

"बायडाबाईच्या. तिनंच सोडवलं मला."

ठमाबाईनं पाव खाली ठेवला. "आगं येडे, मी व्हते ती. मी. सोंग घेतलं व्हतं मी. बायडाबाई हिवतापानं मेली मंचरला."

अक्षदा समजूतदारपणे हसली. लहान मुलाकडं बघून हसावं तसं.

"तुमाला आठवत न्हाई, आत्याबाई. अंगात येतं तवा माणसाला कळत न्हाई. तुमचा आवाज तुमचा नव्हता. मी समोर बसले व्हते की."

मुलीनं विचारलं, आई, ही भुताची आजी का? अक्षदानं तिला गप्प केलं आणि पाया पडायला लावलं. पोरीच्या डोळ्यांत भीती होती, जानकूच्या ओट्यावर असायची तशीच.

"गुणाची हो," ठमाबाई म्हणाली, "आन् शाळा शीक." मिसळ तिनं पूर्ण संपवली. अन्न टाकायची तिला सवय नव्हती.

सांजेला ती एसटीनं परतली. वाडीत वीज गेलेली होती आणि ओट्यावर जानकूची जागा आता त्याच्या पुतण्यानं घेतली होती. तो मोबाइलचा उजेड हनुवटीखाली धरून बायडी आणि भगताची गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत ठमाबाई जमिनीपासून हातभर वर तरंगत आली होती. ती समोरून चालत गेली, तेव्हा पुतण्याची वाचाच बसली. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

छपरापुढं एक तरुण बाई हातात नारळ घेऊन बसली होती, तोंडावर पदर ओढून. ठमाबाईनं तिच्या हातातला नारळ घेतला, दगडावर फोडला. पाणी तिला प्यायला दिलं आणि खोबरं चटणीला म्हणून आत नेऊन ठेवलं.

"रडून झालं आसंल तर सांग," ती बाहेर येऊन बसत म्हणाली. "कोण मारतं?"